संध्याकाळ कोणाच्या मालकीची?

संगणकावर काम करून पोट भरणाऱ्या तरुणांविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. लग्नाच्या बैठकीत त्यांच्या ‘पॅकेज’चा आकडा आदराने उच्चारला जातो, आणि बैठक उठली की या पिढीला पैशापलीकडे काही दिसत नाही अशी तक्रार सुरू होते. ही मुले आपापसांत काय बोलतात, याची चौकशी मात्र फारशी कोणी करत नाही. गेली चार-पाच वर्षे मी ती करतो आहे. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या कॅनॉट भागात, शनिवारी संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर पुण्याहून घरी आलेल्या प्रोग्रामर मुलामुलींचे अड्डे जमतात. पुतण्याच्या ओळखीने मी त्यातल्या एका अड्ड्यावर जाऊन बसू लागलो. कादंबरी लिहिणाऱ्याची कान देण्याची खोड, दुसरे काय! सुरुवातीला ‘काका आले’ म्हटले की सिगारेटी विझत. आता विझत नाहीत.

तिथे पगाराच्या गोष्टी होतात, पण थोड्या. बोलणे फिरून फिरून येते ते ‘आपण करतो त्या कामाचे पुढे होते काय’ या प्रश्नाशी, आणि नोकरीबाहेर फावल्या वेळात कोणाचा काय खटाटोप चालला आहे त्याच्याशी. मधूनमधून घरभाडे, आईचे गुडघे, नळाचे पाणी, लांबलेले लग्न.

ही मुले इथली असून इथे का नाहीत, हे आधी सांगायला हवे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे १९६० पासून आहे; १९८२ साली जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचे केंद्रही आहे. अभियंते घडवण्यात हे शहर कमी पडले नाही. पण सॉफ्टवेअरच्या धंद्याने मुक्काम ठोकला तो हिंजवडीत. लेथवर हात बसलेल्या बापाला गावातच काम मिळाले, संगणक शिकलेल्या त्याच्या मुलाला मात्र शुक्रवारी रात्रीच्या बसने घरी येऊन रविवारी रात्रीच्या बसने परत जावे लागते. २०२० च्या टाळेबंदीने हा क्रम उलटा फिरवला. मुले लॅपटॉप घेऊन घरी आली. दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात टाकी भरता भरता त्यांनी परदेशातली कामे केली आणि कंपन्यांचे कुठे अडले नाही. पुढे कचेरीत परत या, असे हुकूम निघाले. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी सक्तीची केली आणि २०२४ मध्ये पगाराच्या बदलत्या भागाशी तिची सांगड घातली. अड्ड्यावरच्या संभाषणात एक कडवटपणा शिरला तो तेव्हापासून.

समाधान हा शब्द या मुलांच्या तोंडी बहुधा चेष्टेनेच येतो. एकाने मला सांगितले, “काका, सहा वर्षं एका अमेरिकन विमा कंपनीचं काम करतोय. पण त्यांची पॉलिसी दिसते कशी, हे मी अजून पाहिलेलं नाही.” त्याच्या वाट्याला येते ते ‘टिकेट’. म्हणजे एका अजस्र यंत्रणेतल्या एका कोपऱ्यातला एक बिघाड. तो दुरुस्त केला की दुसरे टिकेट. सकाळी सगळ्यांनी मिळून काल काय केले ते सांगायचे, पंधरा दिवसांनी कामाचा मोजदाद करायची, वर्षाने अप्रेजल. कामाचा आरंभ त्याला दिसत नाही आणि शेवट तर नाहीच नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा दिवसअखेरीस खतावणीची जुळणी करायची असे. पस्तीस पैशांचा फरक राहिला तरी कोणी घरी जात नसे. तो सापडला की सगळी शाखा एकदम सैल होई आणि साहेब चहा मागवत. काम कंटाळवाणे होते, त्यात वाद नाही. पण ते रोज संपत असे, आणि ज्याच्या पैशांचा तो फरक होता तो खातेदार दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभा दिसे. मार्क्सवादी मंडळी ज्याला ‘परात्मता’ म्हणत, तिची चर्चा आम्ही त्या काळी गिरणी कामगाराच्या संदर्भात ऐकत असू. हिंजवडीच्या वातानुकूलित कचेरीतला मुलगा तो शब्द न वापरता तेच सांगत असतो.

म्हणूनच या मुलांचे फावल्या वेळातले उद्योग लक्ष देऊन पाहण्यासारखे आहेत. अड्ड्यावर त्यांना ‘साइड प्रोजेक्ट’ म्हणतात. एकाने हाउसिंग सोसायट्यांसाठी टँकरचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम केला आहे: कोणत्या दिवशी किती लिटरचा टँकर आला, पैसे कोणी दिले, कोणाकडे बाकी आहेत. आठ-दहा सोसायट्या तो वापरतात. त्यात त्याला दमडी मिळत नाही, पण सचिवांचा रात्री फोन आला तर तो तत्परतेने उचलतो, साहेबाचा उचलत नाही. कन्नडकडची एक मुलगी वडिलांच्या अद्रकाच्या पट्ट्या संगणकात भरते आहे. व्यापाऱ्याने लावलेला भाव, कापलेली हमाली, धरलेली घट, सगळे ती वर्षावर्षांचे शेजारी मांडून बघते. तिच्याकडून ते ऐकताना मला जुन्या खतावणीचाच वास आला. टिकेट सोडवणाऱ्या या दोघांना आपल्या कामाचा धनी कोण, हे इथे दिसते.

पण तिसरा एक आहे. तो शनिवार-रविवार ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानदाराची वेबसाइट सांभाळतो. वाकडला त्याने फ्लॅट घेतला आहे. “हे प्रोजेक्ट नाही काका, हा हप्ता आहे,” तो म्हणतो. आणि चौथी रात्री जागून प्रोग्राम लिहिते ते पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी हवे म्हणून. छंद, जोडधंदा आणि बिनपगारी उमेदवारी या तिन्ही वेगळ्या गोष्टी एकाच इंग्रजी शब्दाखाली खपतात आणि मग त्यांच्याविषयी न्यायनिवाडाही एकच होतो.

तो निवाडा २०२२ मध्ये जाहीरपणे झाला. विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी त्या ऑगस्टमध्ये नोकरी सांभाळून दुसरे काम करणे ही सरळसरळ फसवणूक आहे, असे म्हटले. सप्टेंबरात त्यांच्या कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढल्याचे सांगितले. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना तंबी देणारे पत्र धाडले आणि ऑक्टोबरात पूर्वपरवानगीने किरकोळ बाहेरची कामे करण्याची मुभा दिली. प्रतिस्पर्ध्याची चाकरी चोरून करणे गैरच. बँकेच्या अधिकाऱ्याने सावकारी केली तर आम्हीही त्याला घरी पाठवले असते. पण या गदारोळात एक जुनी गोष्ट सगळे विसरले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या साठाव्या कलमाने कामगाराला एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करायला बंदी केली, ती मालकाच्या मिळकतीचे रक्षण करण्यासाठी नव्हे. माणसाला विश्रांती मिळावी, पोटासाठी त्याने स्वतःला मोडून घेऊ नये, म्हणून ते कलम होते. आज तीच बंदी, कामगाराची संध्याकाळही कंपनीची आहे, अशा अर्थाने उच्चारली जाते.

गंमत अशी की या कंपन्यांचा सगळा इमला दुसऱ्यांच्या संध्याकाळींवर उभा आहे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सने हौस म्हणून लिनक्सची सुरुवात केली. अॅमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत नोकरी करणाऱ्या ग्विडो व्हॅन रॉसमने १९८९ च्या नाताळच्या सुटीत पायथन ही भाषा लिहायला घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ नावाच्या एका छोट्याशा घटकात भगदाड सापडले, तेव्हा जगभरच्या बँकांची आणि सरकारांची झोप उडाली; आणि मग कळले की हा घटक सांभाळणारी मूठभर माणसे आपापल्या नोकऱ्या करून उरलेल्या वेळात, स्वयंसेवक म्हणून ते काम करत होती. आपल्याकडचे उदाहरण हवे तर ‘बरह’चे घ्या. शेषाद्री वासू या अभियंत्याने फावल्या वेळात कन्नडसाठी केलेल्या या सॉफ्टवेअरवर कितीतरी मराठी माणसांनीही देवनागरी टंकलेखन केले.

आणि मराठी संस्कृतीचे काय वेगळे आहे? १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल दौंडला डॉक्टरकी करत होते, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम पाहणारे. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत होते, अरुण कोलटकर जाहिरात व्यवसायात. आमच्या रा. रं. बोराडे यांनी प्राचार्यपद सांभाळून ‘पाचोळा’सारखी कादंबरी दिली. या सगळ्यांना आजच्या भाषेत काय म्हणायचे? आपले साहित्य, नाटक, ग्रंथालये, व्याख्यानमाला हे बव्हंशी नोकरदार माणसाचे संध्याकाळचे उद्योग होते.

त्या संध्याकाळी आकाशातून पडल्या नव्हत्या, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. त्या मागून, भांडून, करार करून मिळाल्या होत्या. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७६ च्या वर्तणूक नियमांत बाहेरच्या नोकरी-धंद्याला मज्जाव असला तरी अधूनमधून केलेल्या साहित्य, कला वा विज्ञानविषयक कामाला वाट ठेवलेली होती. त्या वाटेवरूनच मी चार कादंबऱ्या लिहिल्या. संगणक बँकेत आला तोही करार करूनच. १९८३ साली संघटना आणि बँका यांच्यात समझोता झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला. यंत्रे कुठे आणि किती लागतील, माणसांचे काय होईल, यावर टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलणे झाले. आमच्या संघटना आडमुठ्या होत्या, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण ज्यांनी तो संगणक पुढे चालवला त्या प्रोग्रामरांच्या टेबलाला दुसरी बाजूच नाही. पुण्यात ‘नाइट्स’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची एक संघटना आहे आणि ती धडपडतेही. परंतु अड्ड्यावर तिचे नाव काढले की मुले आवाज खाली करतात.

दरम्यान तास वाढवण्याचा आग्रह वरून चालूच आहे. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० वर गेले आणि रविवारही त्यात आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि दुकाने-आस्थापनांसाठी ९ वरून १० वर नेण्याला मंजुरी दिली. सॉफ्टवेअरच्या कचेऱ्या या दुसऱ्या वर्गात मोडतात. जादा कामाला कामगाराची संमती आणि वाढीव मोबदला हवा, असे त्यात आहे. पण जिथे घरी जेवताना आलेला क्लायंटचा फोन कुठल्याच हजेरीपटावर चढत नाही, तिथे जादा तास मोजणार कोण?

आणि एवढे तास देऊन शाश्वती तरी? जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, त्या शनिवारी अड्ड्यावर कोणी विनोद केला नाही. प्रोग्राम लिहिणारी यंत्रेच आता आली आहेत. त्यामुळे हौसेने केलेल्या गोष्टींकडेही मुले ‘यातून उद्या पोट भरेल का’ अशा नजरेने पाहू लागली आहेत. अद्रकाच्या पट्ट्या मांडणाऱ्या मुलीला मित्रांनी सांगितले, हे विकायला काढ. ती म्हणाली, “विकायला काढलं की त्याचंही टिकेट होईल.” या सगळ्या चर्चेतले मला ते सर्वांत शहाणपणाचे वाक्य वाटते.

टँकरवाल्या मुलाने गेल्या वर्षी नोकरी बदलली. सही करण्याआधी करारनामा घेऊन तो माझ्याकडे आला. आयुष्यभर तारणखते वाचलेला माणूस म्हणून. बावीस पानांत एक कलम असे होते की नोकरीच्या काळात त्याने कुठेही, कोणत्याही वेळी, स्वतःच्या यंत्रावर का होईना, जे काही लिहिले ते कंपनीचे. १९५७ चा कॉपीराइट कायदा नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची मालकी मालकाला देतो. त्यापलीकडची देत नाही. ती अशा कलमांनी घेतली जाते. माझ्या बँकेने असे लिहून घेतले असते तर माझ्या चार कादंबऱ्यांच्या न खपलेल्या प्रती आज वसुली विभागाकडे असत्या! मी त्याला म्हटले, आधीच्या कामांची यादी जोड आणि कलम ‘नोकरीच्या ओघात’ एवढ्यापुरते करून माग. त्याने मागितले. हा ठरावीक मसुदा आहे, बदलता येत नाही, असे एका ओळीचे उत्तर आले. पगार दीडपट होता, घरी बहिणीचे लग्न होते. त्याने सही केली आणि टँकरच्या प्रोग्रामला हात लावणे बंद केले. फोनची नवी आवृत्ती आली तेव्हा तो चालेनासा झाला. आमच्या शेजारच्या सोसायटीचे सचिव आता टँकरचा हिशेब पुन्हा शंभर पानी वहीत लिहितात.