विश्लेषण : निळ्याशार भूमध्य समुद्रात नांगर टाकायला मनाई का?

स्पेनच्या मायोर्का बेटाच्या दक्षिणेला काब्रेरा हा छोट्या बेटांचा समूह आहे. शांत खाडी, टेकडीवरचा जुना किल्ला आणि काचेसारखे पाणी. शिडाच्या होडीने भूमध्य समुद्रात फिरणाऱ्यांना हवे ते सगळे इथे आहे. फक्त एक गोष्ट करता येत नाही, ती म्हणजे नांगर टाकणे. मुक्काम करायचा तर आधी परवानगी काढायची आणि होडीच्या लांबीनुसार ठरलेल्या बोयाला दोर बांधायचा. अनेकांना हा मोकळ्या भटकंतीवर घाला वाटतो. पण पाण्याखाली पाहिले की हा नियम पटतो.

तळाशी नेमके काय आहे?

पॉसिडोनिया ओशियानिका नावाचे समुद्रगवत. हे शेवाळ नाही. त्याला मुळे, पाने, फुले आणि फळेही असतात. ते फक्त भूमध्य समुद्रात आढळते. लहान माशांना ते आसरा देते, वाळू धरून ठेवते आणि तळाच्या थरांत हजारो वर्षांचा कार्बन साठवते. त्याची वाढ मात्र वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. फोर्मेन्तेरा बेटाजवळ २००६ मध्ये या गवताचा सुमारे आठ किलोमीटर पसरलेला, जनुकीयदृष्ट्या एकच असलेला पट्टा सापडला. इबिझा आणि फोर्मेन्तेरादरम्यानची ही कुरणे १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

एका नांगराने एवढे काय बिघडते?

नांगरापेक्षा साखळी जास्त घातक ठरते. नांगरावरचा ओढ आडवा राहावा म्हणून साधारणपणे खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडतात. दहा मीटर खोलीवर ती चाळीस-पन्नास मीटर होते. वारा फिरला की होडी नांगराभोवती फिरते आणि तळावर पडलेली साखळी झाडूसारखी गवतावरून घासत जाते. वर काढताना नांगर गवत मुळासकट उपटतो. एका रात्रीत पडलेला खड्डा भरायला काही दशके लागू शकतात.

बोयामुळे हे टळते. त्याची पकड तळात कायमची बसवलेली असते आणि मधल्या तरंगामुळे दोर तळाला घासत नाही.

नियम कुठे आहेत?

काब्रेरा १९९१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. बॅलेरिक बेटांच्या प्रादेशिक सरकारने २०१८ मध्ये या गवतावर नांगर टाकण्यास बंदी घातली. वाळूवर टाकता येतो. फ्रान्सनेही २०१९ मध्ये २४ मीटर व त्याहून लांब नौकांसाठी नियम कडक केले.

मग आक्षेप कशाला?

बोये मोजके आणि जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी प्रचंड. जागा मिळाली नाही तर छोट्या होडीवाल्याने संध्याकाळी जायचे कुठे? अनेक ठिकाणी बोयाचे भाडेही द्यावे लागते. ही तक्रार रास्त आहे. नुसती बंदी घालून यंत्रणा मोकळी झाली, तर नियम अंधारात मोडला जाणारच. बंदीइतकेच बोयेही वाढायला हवेत. लहान होडीला ते स्वस्तात मिळावेत आणि दंडाचा बडगा आधी मोठ्या नौकांवर पडावा, कारण त्यांची साखळी जड असते.

आपला काय संबंध?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. तिथे समुद्रगवताऐवजी प्रवाळ आहेत, पण प्रश्न तोच. पर्यटकांना ज्या तळाचे सौंदर्य दाखवायचे, त्याच तळावर नांगर टाकायचा का? पक्के बोये बसवणे हे काही रॉकेटशास्त्र नाही. किनारा शांत ठेवायचा असेल, तर होडी बांधायची सोय आधी करावी लागते. काब्रेराचा धडा एवढाच आहे.