कळलं नाही? बघा तर खरं!

आपल्या पुंडलिकनगरात वीकेंडचा प्लॅन जवळजवळ ठरलेला. शनिवारी मूव्ही, पाहुणे आले तर वेरूळ, आणि मुंबईला गेलोच तर गेटवे, मरिन ड्राइव्ह, शॉपिंग. 'आर्ट गॅलरी' म्हटलं की निम्मा ग्रुप गळतो. "आपल्याला त्यातलं काय कळतंय यार!"

हे वाक्य एकदा घरी ठेवून जा. रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडा, सकाळी सीएसएमटीला उतरा, चहा-नाश्ता उरका आणि फोर्टातून पायी रीगलकडे निघा. मोठ्या वस्तुसंग्रहालयासमोरच आहे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. सोमवारी बंद. तिकीट? मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपेक्षा कितीतरी स्वस्त.

ही इमारत म्हणजे १९११ चा कावसजी जहांगीर हॉल. गेटवेचं डिझाइन करणाऱ्या जॉर्ज विटेटचंच हेही काम. एकेकाळी इथे सभा, मैफली गाजल्या. पुढे लग्नं, बॉक्सिंगचे सामने आणि चक्क चामड्याच्या वस्तूंचे सेलही लागले! शिल्पकार पिलू पोचखानावाला, गॅलरीवाले केकू गांधी अशा मंडळींनी पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये हॉलची गॅलरी झाली. अर्धगोल मजले चढत घुमटाखाली पोचलात, की अर्धे पैसे तिथेच वसूल.

आता चित्रं. भिंतीवर काय असेल, ते त्या वेळच्या प्रदर्शनावर अवलंबून. एखाद्या कॅनव्हाससमोर "हे तर मीही काढलं असतं" असं वाटेलच. तेव्हा वासुदेव गायतोंडे आठवा. १९२४ साली नागपुरात जन्मलेला हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा. बाकीचा वेळ विचार, शांतता. आपल्या टार्गेटवाल्या बॉसला हे सांगून बघा! २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २९ कोटींवर गेलं. पण किंमत विसरा. एकाच चित्रासमोर पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवून उभं राहा. आवडलं नाही तर पुढे चला, परीक्षा नाहीये.

तरीही बुजल्यासारखं झालं, तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. १९५२ पासूनची, आणि प्रवेश फुकट. बऱ्याचदा चित्रकार स्वतःच तिथे बसलेला असतो. सरळ विचारा, "हे असं का काढलंत?" बहुतेकांना बोलायला आवडतं.

आणि एक लक्षात ठेवा. १८७२ पासून जे. जे. स्कूलचे विद्यार्थी ग्रिफिथ्स सरांबरोबर वर्षानुवर्षं अजिंठ्याला येत होते, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला. म्हणजे मुंबईचं आर्ट स्कूल शिकायला आपल्या जिल्ह्यात आलं होतं. मग आपण तिकडे जाताना बिचकायचं कशाला?

पुढच्या शनिवारचं रिझर्वेशन बघा. ग्रुप गळला तर एकटे जा. चित्रं बघायला एकटंच बरं असतं.