बर्फ हवा, तोही हक्काचा!

कॉलेजच्या टीममध्ये असाल तर हा अनुभव तुम्हाला नवा नाही. मॅच आठवड्यावर आलेली असते, पोरं तयार असतात आणि मैदान नेमकं दुसऱ्याच कुणीतरी बुक केलेलं असतं. मग काय, पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवर प्रॅक्टिस! क्रिकेटमध्ये असं कसंबसं निभावतं. आइस हॉकीत ती सोयच नाही. बर्फ नाही, तर खेळ नाही.

म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये ‘आपली स्वतःची रिंक हवी’ ही मागणी ऐकली की तिला चैन म्हणून मोडीत काढू नका. रिंक म्हणजे २०० फूट लांब, ८५ फूट रुंद काँक्रीटची लादी. तिच्या पोटात गार द्रावण फिरवणाऱ्या नळ्यांचं जाळं आणि वर जेमतेम इंच-दीड इंच बर्फ. तो अहोरात्र थंड ठेवायचा, अधूनमधून झँबोनी मशीन फिरवून गुळगुळीत करायचा. साहजिकच भाडं तासावर लागतं. सोयीचे तास लहान मुलांचे वर्ग आणि शहरातले क्लब घेऊन जातात. भाड्याने खेळणाऱ्या कॉलेजच्या वाट्याला उरतात ते मध्यरात्रीचे नाहीतर भल्या पहाटेचे. आणि सकाळी आठला लेक्चर असतंच!

ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण बघा. आपल्याकडचीही बरीच मुलं तिथे शिकायला जातात. वाळवंटातलं शहर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार. तिथल्या संघाने २०१४ मध्ये क्लब पातळीवरचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्याच वर्षी डॉन मुलेट आणि इतर देणगीदारांनी ३ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि संघ कॉलेज हॉकीच्या सर्वोच्च गटात गेला. २०१९ मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्रही ठरला. पण घरचे बहुतेक सामने कुठे? कॅम्पसबाहेरच्या एका छोट्या रिंकवर, जिथे हजार प्रेक्षकही मावत नसत. जिद्द होती, जागा नव्हती. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये ५,००० आसनांचं मुलेट अरेना उघडलं. शेजारी सर्वांसाठी खुली असलेली दुसरी रिंकही आली.

खरी गंमत पुढेच आहे. ॲरिझोना कायोटीज हा एनएचएलमधला व्यावसायिक संघ तेव्हा बेघर झाला होता. तो चक्क या कॉलेजचा भाडेकरू झाला! दोन मोसम तिथे काढले. नव्या स्टेडियमचा प्रस्ताव टेंपीच्या मतदारांनी २०२३ मध्ये फेटाळला आणि २०२४ मध्ये संघाचा गाशा सॉल्ट लेक सिटीला हलला. कोट्यवधी डॉलरचे खेळाडू असलेला संघ गेला, विद्यार्थ्यांचा संघ मात्र तिथेच राहिला. छप्पर स्वतःचं असण्याची किंमत याहून स्पष्ट काय दिसणार?

‘पण विजेच्या बिलाचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. आपल्या देहरादूनमध्ये २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा संपली, देखभाल झेपेना आणि ती अनेक वर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये कुठे पुन्हा सुरू झाली. यातून रिंक नकोच, असा अर्थ काढायचा का? नाही. रोज वापरणारं कुणी नसेल, तर कुठलीही इमारत ओसच पडते. कॉलेजकडे नेमके हेच वापरणारे असतात. दुपारी विद्यार्थी, संध्याकाळी शाळेची मुलं, रविवारी स्केटिंगला येणारी कुटुंबं. भाडं भरणाऱ्या कॉलेजलाच मग भाडं मिळू लागतं.

तेव्हा दोस्तांनो, रिंक असो वा आपल्या कॉलेजचं साधं मैदान, मागायला लाजू नका. फक्त अर्जासोबत वेळापत्रकही जोडा. कोण, कधी खेळणार आणि खर्च कुठून निघणार, हे त्यात लिहा. नुसत्या हट्टाला नकार देणं सोपं असतं, हिशेब मांडलेल्या मागणीला तितकंसं नाही.