नवशिक्या हाती कोणता दोरा द्यावा?



गेल्या उन्हाळी सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एका आजीबाईंनी आपल्या बारा वर्षांच्या नातीस क्रोशाची लेस शिकविण्यास आरंभ केला. वेदीवस्त्राची किनार नाजूक व्हावी, ह्या सद्हेतूने त्यांनी 80 नंबरचा दोरा मुलीच्या हाती दिला. तिला टाके दिसेनात, दोरा वारंवार तुटू लागला. आठवडाभरातच ‘मला हे यायचे नाही’ असे म्हणून तिने सुई पेटीत टाकली. आजीबाई आमच्याकडे नातीची तक्रार घेऊन आल्या. आमच्या मते दोष मुलीचा नव्हता. तो दोऱ्याच्या निवडीचा होता.

दोऱ्यावरील आकड्याचा अर्थ पुष्कळांस उलटा वाटतो. आकडा जितका मोठा, तितका दोरा बारीक. शिकणाऱ्या मुलीने 10 नंबरचा दोरा व सुमारे दीड मिलिमीटरची सुई घ्यावी. हात बसला म्हणजे 20, मग 40, अशी पायरी चढावी. दोरा पांढरा वा फिकट असावा. काळ्या दोऱ्यात टाका कोठे घालावा तेच दिसत नाही. तो गुळगुळीत व घट्ट पिळाचा हवा. सैल पिळाचे पदर सुटतात आणि सुई त्यांत अडकते. मर्सराइज्ड सुती दोरा ह्या कामी उत्तम. तो बळकट असतो आणि त्यास चमकही असते.

आणखी एक दक्षता घ्यावी. चार बोटे नमुना विणून गरम पाण्यात धुवावा व आधीच्या मापाशी ताडून पाहावा. कापडही आधी धुवून घ्यावे. किनार आटली आणि कापड आटले नाही, तर सारे काम चुण्या पडून वाया जाते. रंगीत दोरा ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहावा. लागणारे सर्व गुंडे एकदमच घ्यावेत. मागाहून घेतलेल्याची छटा जुळेलच असे नाही.

लिझ्यूच्या संत तेरेजेची माता झेली मार्टिन ही फ्रान्समधील आलाँसाँ गावची लेसकर्ती होती. 2015 साली पतीसह तिला संतपद देण्यात आले. आलाँसाँची लेस क्रोशाची नव्हे, शिवणसुईची. तिच्या एका चौरस सेंटिमीटरास सुमारे सात तास लागतात, आणि ती कला पूर्ण अवगत होण्यास सात ते दहा वर्षे! बारीक दोरा हा शिक्षणाचा शेवट आहे, आरंभ नव्हे.

आजीबाईंनी आमचे म्हणणे मानले. नातीने 10 नंबरच्या दोऱ्याने वीतभर पट्टी पुरी केली आहे. टाके अजून सारखे नाहीत. तरी ती उसवू नये, असे आम्ही सांगितले आहे. येत्या सणास ती वेदीशेजारच्या लहान मेजाच्या वस्त्रास लागेल.