मजुरी वाचली, पण धंद्याचं काय?

"टेम्पोचे ब्रेक लायनर घरीच बदलले, ५०० रुपये मजुरी वाचली!" असं बरेच जण अभिमानाने सांगतात. हिशेब पूर्ण करा. समजा, गाडी तासाला १५० रुपये सुटून देते. मेकॅनिकचं दोन तासांचं काम तुम्हाला सहा तास लागलं. जादा चार तास, ६०० रुपये गेले! वर पान्यांचा खर्च, चुकीचा पार्ट बदलायला दुकानाची फेरी. माल उशिरा पोचला की गिऱ्हाईकही तुटतं. "मी सुट्टीच्या दिवशी करतो" म्हणाल, पण भरलेल्या गाडीचा ब्रेक घाटात लागला नाही तर?

माझं मत स्पष्ट आहे: हवा, ऑइल, कूलंट रोज स्वतः तपासा. ब्रेक-क्लच मेकॅनिककडेच द्या. आधी आपल्या तासाचा भाव वहीत लिहा, मगच पाना उचला.