रंग हा कच्चा साक्षीदार

एखाद्या रानफुलाचे वर्णन लिहायला सांगितले की तुमच्या वहीत पहिली ओळ रंगाची येते. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, फुलांत मला काय कळते, असे कोणी म्हणेल. पण रंग म्हणजे प्रकाशाचा प्रश्न, म्हणून बोलतो. रंगावरून फुलाचे नाव ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर अमेरिकेतील प्रेअरी नावाच्या गवताळ प्रदेशात आणि विरळ झाडीत व्हायोलेटच्या अनेक जाती उगवतात. त्यांपैकी व्हायोला पेडाटा आणि व्हायोला पेडाटिफिडा या दोघींची पाने पक्ष्याच्या पावलासारखी चिरलेली, फुले जांभळी, बहर वसंतात. नावेही जुळ्या बहिणींची! फूल मिळेल तोच प्रकाश परावर्तित करते. सूर्य कलला की निळा प्रकाश घटतो आणि जांभळ्यात तांबूस छटा शिरते. शिवाय पेडाटाची काही फुले एकरंगी, तर काहींच्या वरच्या दोन पाकळ्या गर्द. मग रंगाची साक्ष कोणाच्या बाजूने धरायची?

आता गुडघे टेका आणि भिंग काढा. फुलाला पाच पाकळ्या आहेत. बाजूच्या दोन पाकळ्यांच्या मुळाशी बारीक लव दिसली, तर ती पेडाटिफिडा. पेडाटाच्या पाकळ्यांवर लव नसते आणि तिच्या केसरांची नारिंगी टोके फुलाच्या मध्यातून बाहेर डोकावतात. (नारिंगी हाही रंगच, हे खरे, पण येथे महत्त्व डोकावण्याला आहे.) पेडाटिफिडाचे केसर आत दडलेले असतात. पुढे तिला न उमलणारी फुलेही येतात आणि त्यांत आपोआप बी धरते. पेडाटाला तशी फुले येत नाहीत. तिची भिस्त कीटकांवर.

नाव चुकले तर बिघडले कुठे? इलिनॉय राज्यात चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी दहा हजारांत जेमतेम एक भाग उरली आहे. रानातले बी गोळा करून ती पुन्हा उभी करतात. पेडाटाला रेताड, पाणी न साचणारी जमीन लागते. चुकीच्या नावाचे बी भलत्या मातीत पडले तर पेरणी वाया जाते. रीगल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या अळ्या तर व्हायोलेटच्याच पानांवर जगतात.

मोबाइलने वरून टिपलेल्या छायाचित्रात रंग झकास येतो, लव मात्र दिसत नाही. शिक्षकांना माझी सूचना अशी, की निरीक्षणाच्या तक्त्यात रंगाचा रकाना शेवटी ठेवावा आणि फुलाचे एक छायाचित्र तरी समोरून, अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी धरून घ्यायला लावावे.