टरफलातलं रसायन

गेल्या आठवड्यात चिपाड आणि धाटांपासून इथेनॉल काढण्यावर लिहिलं होतं. ड्युपॉन्टने अमेरिकेत आयोवातल्या नेवाडा गावी मक्याच्या धाटांवर चालणारा अवाढव्य कारखाना 2015 साली सुरू केला आणि दोन वर्षांत विकायला काढला. इटलीत क्रेसेंतिनोचा कारखाना 2013 साली उभा राहिला, 2017 साली बंद पडला. दोन्हीकडे आधी शेतोशेत फिरून माल गोळा करायचा, मग चिवट सेल्युलोज तोडून त्याची साखर करायची, ती आंबवायची आणि एवढी यातायात करून शेवटी विकायचं काय, तर स्वस्त इंधन. मग शेतातल्या टाकाऊ मालात पैसा नाहीच का? आहे, आणि तो आपल्या कोकणात काजूच्या टरफलात आहे.

काजूचं टरफल आडवं कापून बघा. दोन कडक सालींच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात लालसर तपकिरी, चिकट तेल भरलेलं असतं. बोटाला लागलं की बिबा उतावा तशी कातडी सोलून निघते. बिबा आणि काजू एकाच कुळातले. वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंत कारखान्यांत बी वाफेवर उकडतात, सुकवतात आणि बायका ती यंत्राच्या पात्यावर एकेक करून फोडतात. शंभर किलो बियांतून गर निघतो जेमतेम पंचवीस-अठ्ठावीस किलो. बाकीचं बहुतेक टरफल. ते घाण्यात घातलं की वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा तेल हाती लागतं.

या तेलातलं मुख्य द्रव्य म्हणजे अनाकार्डिक आम्ल. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. कार्डानॉलच्या रेणूत फिनॉलचं कडं असतं आणि त्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी. कडं फॉर्मल्डिहाइडशी जुळून कडक राळ बनवतं, शेपटी त्या राळेला लवचीकपणा देते आणि पाणी दूर ठेवते. एरवी फिनॉल खनिज तेलातून बेंझिन, क्युमिन अशा पायऱ्या चढत बनवावं लागतं. इथे झाडानेच ते काम करून ठेवलं आहे. गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात या राळेची भुकटी असते. जहाजांना लावायच्या इपॉक्सी रंगात कार्डानॉलपासून केलेलं कठिणक घालतात, कारण त्यामुळे रंग थंडीत आणि ओलीतही सुकतो. संशोधक मॉर्टिमर हार्वे यांनी या तेलाच्या उपयोगांची पेटंटं गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच अमेरिकेत घेतली होती.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती गोळा करण्याची. टरफल कारखान्याच्या दाराशी आपसूक जमा होतं. गराच्या धंद्याने त्याचा खर्च आधीच उचललेला असतो. शिवाय हे तेल खाण्याचं नाही, त्यामुळे कुणाच्या ताटातलं काढून कारखान्याला दिलं असंही होत नाही.

आणि तरी कोकणातले कितीतरी छोटे कारखानदार टरफल गोणीच्या भावाने देऊन टाकतात किंवा भट्टीखाली घालतात. तेलासकट जाळलेल्या टरफलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, शेजारच्या वस्तीला नकोसा होतो. जे तेल गाळतात तेही बहुतेक कच्चंच पिंपांतून विकतात. खरी किंमत वाढते निर्वात ऊर्ध्वपातनात, कच्च्या तेलातून स्वच्छ कार्डानॉल वेगळं काढताना. ते काम मंगळूरला होतं, तर सिंधुदुर्गात का होऊ नये?

एकट्या छोट्या कारखानदाराला हे झेपणार नाही, हे खरं. ऊर्ध्वपातनाला भांडवल लागतं, वर्षभर सारखा पुरवठा लागतो, आणि खनिज तेल उतरलं की फिनॉलशी स्पर्धा कठीण होते. म्हणून दहा-वीस कारखान्यांनी मिळून घाणा आणि ऊर्ध्वपातन चालवावं, आणि सरकारने काजूच्या योजनांचा पैसा बी फोडायची नवी यंत्रं घेण्याआधी इथे घालावा. तेल काढल्यावर उरलेली पेंड जाळायला चालते, म्हणजे भट्टीचं इंधनही जात नाही.

योजनांतला पहिला पैसा मात्र बी फोडणाऱ्या बायकांच्या हातमोज्यांसाठी काढा. आज त्या हाताला राख नाहीतर खाण्याचं तेल चोपडून बसतात, आणि तरीही बोटं काळी पडतात, सालटी निघतात. जे तेल त्यांना जाळतं त्याच्या विक्रीत त्यांचा वाटा लेखी ठरलेला असावा, मजुरीशिवाय, दर किलोमागे.